हेडसाहेबांचा आवाज आणि तांबडीचा पान्हा

बोलण्याची खोड माणसाला कुठे नेऊन घालेल सांगता येत नाही. हेडसाहेबांना तिने एका गोठ्यात नेऊन घातलं, आणि खरं सांगायचं तर तिथे त्यांचं अगदी झकास चाललं होतं. गोठ्यात बोलले असते आणि राहत्या इमारतीत गप्प बसले असते, तर काही म्हणजे काही बिघडलं नसतं. पण इमारतीत गप्प बसायचं तर ते हेडसाहेब कसले!

हेडसाहेब म्हणजे वीज कार्यालयातले निवृत्त हेडक्लार्क. सगळी नोकरी तक्रारीच्या खिडकीमागे गेली. समोरचा कितीही तापून येवो, हे त्याला नियम, मग पोटनियम, मग त्या पोटनियमाचा अपवाद अशा काही संथ, एकसुरी आवाजात समजावून सांगायचे, की तो बिचारा शांत होऊन घरी जायचा. पुष्कळदा छत्री तिथेच विसरून जायचा. निवृत्त झाल्यावर खिडकी गेली, आवाज मात्र शिल्लक राहिला. आता तो ऐकायचा कुणी? "हे बघ, या लिफ्टचं असं आहे," अशी त्यांनी सुरुवात केली, की बायको स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावायची. मिक्सरच्या भांड्यात काही असलंच पाहिजे असं नव्हतं.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या वाचनालयाने एक योजना काढली. शहरातल्या सभासदाने व्हिडिओ फोनवरून एका शेतकरी कुटुंबाला रोज भेट द्यायची, त्यांचं जगणं समजून घ्यायचं. फुकट होतं, म्हणून हेडसाहेबांनी लगेच नाव दिलं. शेतीबद्दलची त्यांची जाण तशी बेताचीच, पण अमुक एका गोष्टीतलं आपल्याला कळत नाही असं त्यांनी उभ्या आयुष्यात कबूल केलं नव्हतं.

पहिली भेट म्हणजे निव्वळ फजिती. पलीकडे सगळं कुटुंब ठेवणीतले कपडे घालून, खुर्च्यांवर ओळीने, फोटोला बसल्यासारखं बसलेलं. शेतकरी, त्याची बायको आणि त्याची म्हातारी आई. अलीकडे हेडसाहेब, तेही इस्त्रीच्या शर्टात.

"आपलं एकूण क्षेत्र किती?" हेडसाहेबांनी विचारलं.

"काका," शेतकऱ्याची बायको म्हणाली, "तुम्ही काय चौकशीला आलाय का?"

म्हातारी खुदकन हसली. शेतकरी उठून विहिरीवरची मोटार बघायला गेला तो परत आलाच नाही. मग बाई म्हणाली, "काका, राग मानू नका, पण माझी धार काढायची वेळ झाली. तुम्हीही चला गोठ्यात." आणि तिने फोन एका जाळीच्या पिशवीत घालून खुंटीला लटकवला.

त्या तिरक्या पिशवीतून हेडसाहेबांना जे शेत दिसलं ते असं: एक खांब, अर्धी गाय, बाईचा खांदा, आणि मधूनच कॅमेऱ्यावरून फिरून जाणारी शेपटी. पण त्यांना ते फार आवडलं. ते रोज जायला लागले. टोमॅटोची रोपं वाफ्यातून काढताना मुळाला माती ठेवावी लागते, कांदा निवडताना डोळे झोंबत नाहीत पण कंबर जाते, कोंबडी नेमकी धुतलेल्या कपड्यांच्या टोपलीत जाऊन बसते, हे सगळं त्यांना कळायला लागलं. शेतकरी दिवसातून किती वेळा मोटारीच्या नावाने खडे फोडतो, हेही कळलं. त्या बाईला ते 'ताई' म्हणायला लागले, आणि म्हातारीच्या खोकल्यावरून तिची तब्येत ओळखायला लागले.

आणि ओळख काही एकतर्फी नव्हती. हेडसाहेब तरी गप्प थोडेच बसणार? ते इमारतीचं सगळं सांगायचे. लिफ्ट, पाण्याची टाकी, पार्किंगचं भांडण. म्हातारी तर खाटेवरून हाक मारून विचारायची, "अहो, त्या गाडीवाल्यानं काढली का गाडी?" काढली नाही म्हटलं की तिचा दिवस चांगला जायचा.

आता तांबडीचं सांगायला हवं. तांबडी म्हणजे ती अर्धी गाय. स्वभावाने हट्टी, आणि पान्हा चोरणारी. कास भरलेली असायची, पण मनात नसेल तर थेंब द्यायची नाही. ताई तिला थोपटायची, चुचकारायची, पुढ्यात पेंड ठेवायची, आणि महाराणी दुसरीकडे बघत उभ्या. एका सकाळी हेडसाहेबांना सर्दी झाली होती म्हणून ते नुसतेच बघत बसले. ताई बराच वेळ खटपट करत राहिली आणि मग वळून म्हणाली, "काका, बोला की काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही बोला. तुम्ही बोलत नाही तर ही दूध देईना. माझ्या परवाच ध्यानात आलं, पण म्हटलं उगाच तुम्हाला कशाला सांगा."

"म्हणजे... माझ्या बोलण्यावर?"

"ते लिफ्टचं बोला. त्यावर चांगली सोडते."

हेडसाहेबांनी नाक शिंकरलं आणि लिफ्टच्या देखभालीचा करार सुरुवातीपासून सांगायला घेतला. तिसऱ्या कलमाला तांबडीने कान पाडले, डोळे अर्धे मिटले, आणि बादलीत चुळूक चुळूक आवाज यायला लागला. हेडसाहेबांनी पुन्हा नाक शिंकरलं. सर्दीने नव्हे. इतकी वर्षं लोक त्यांचं ऐकून कंटाळले होते, झोपले होते, छत्र्या विसरले होते, पण त्यांच्या बोलण्याने कुणाचं चांगलं झालं असं हे पहिल्यांदाच घडत होतं.

तेव्हापासून त्यांनी एक दिवस चुकवला नाही. दातांच्या डॉक्टरकडे गेले तेव्हा बाहेरच्या बाकावर बसूनसुद्धा बोलले. एका बाजूचा गाल बधिर झालेला, शब्द ओठातून घरंगळत होते. तांबडीने मान वळवून पिशवीकडे बघितलं, पण दूध दिलं. ताई हसून हसून बेजार झाली. हेडसाहेबही अर्ध्या तोंडाने हसले.

एवढ्यावर सगळं ठेवलं असतं तर! पण इमारतीची सभा आली. सभेत हेडसाहेब टाकीच्या झाकणाबद्दल बोलायला उभे राहिले, आणि नियमाकडून पोटनियमाकडे वळणार एवढ्यात अध्यक्षांनी हात वर केला. अध्यक्ष म्हणजे फरशांचे व्यापारी, आवाज दणदणीत, आणि हातात बारा महिने गाडीची किल्ली.

"हेडसाहेब, पुरे आता. तुमचं ऐकतंय कोण इथं?"

सभा हसली. मागच्या रांगेतला मिशीवाला शेजारी तर जरा जास्तच हसला. हेडसाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चारचौघांत असा पाणउतारा झाला की माणूस काय बोलेल याचा नेम नाही. ते म्हणाले, "माझ्या आवाजावर गाय पान्हा सोडते, गाय!"

 मग जे हसू फुटलं ते आवरेना. दुसऱ्या दिवशी जिन्यात मिशीवाला आडवा आला. "हेडसाहेब, आमच्या घरी दुधाची पिशवी आहे, जरा बोलता का तिच्याशी?" तळमजल्यावरच्या शिकवणीच्या बाईंनी मात्र वेगळाच सल्ला दिला. "तुम्ही दाखवूनच द्या सगळ्यांना. हॉलमध्ये मोठा पडदा लावा. मुलांनाही शेती बघायला मिळेल." औषधांच्या दुकानवाल्याने सांगितलं की त्याच्याकडे पडदा आहे. मिशीवाल्याच्या मेव्हण्याचा ध्वनिक्षेपकाचा धंदा होता. आणि अध्यक्ष म्हणाले, "करा की. मी येतो."

बायकोला हे कळलं तेव्हा ती मिक्सर न लावता बाहेर आली. "हे बघा, तुमचं तिथं बरं चाललंय. सकाळी उठता, दाढी करता, हसता. ते चव्हाट्यावर कशाला नेताय?"

"लोकांना शेतकऱ्याचं जीवन कळलं पाहिजे," हेडसाहेब म्हणाले.

"लोकांना का तुम्हाला?" असं म्हणून ती आत गेली. तिचं बरोबर होतं. हेडसाहेबांना ते तेव्हाही ठाऊक होतं, नाही असं नाही.

ताईला विचारलं तेव्हा तीही जरा थबकली. "काका, तांबडीला गर्दी सोसत नाही. पाहुणे आले तरी बिथरते."

"गर्दी इथं असणार ताई, तिथं नाही."

"आवाज तर येईल ना." मग तिने काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं असावं. "बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर करू. पण फक्त तुम्हीच बोलायचं. दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. शब्द द्या."

"शब्द दिला," हेडसाहेब म्हणाले.

पुढे घोडं अडलं ते वाचनालयात. ग्रंथपालबाई म्हणाल्या, भेट एका सभासदाची असते, अनेकांनी मिळून बघायची तर ती 'सामूहिक भेट' होते, आणि सामूहिक भेटीची योजनेत तरतूद नाही. तरतूद नाही हे शब्द हेडसाहेबांनी जन्मभर दुसऱ्यांना ऐकवले होते. स्वतःच्या कानाला ते किती टोचतात हे त्यांना आज कळलं. सतराशे साठ खेटे घातल्यावर बाईंनी वाट काढली: वाचनालयाचा प्रतिनिधी हजर असेल तर चालेल. प्रतिनिधी म्हणजे त्या स्वतः. त्यांना सकाळी नऊच्या आत जमणार नव्हतं.

इकडे हॉलच्या व्यवस्थापकाने वेगळीच मेख मारली. हॉल फक्त सांस्कृतिक कार्यक्रमाला मिळेल. "मग लिहा सांस्कृतिक," हेडसाहेब म्हणाले. पण सांस्कृतिक म्हटल्यावर स्वागतगीत आलं, पुष्पगुच्छ आला, प्रमुख पाहुणे आले आणि आभारप्रदर्शन आलं. एका गायीची धार बघायची, तर तिला प्रास्ताविक कशाला लागतं, असं त्यांनी विचारूनही पाहिलं. शिकवणीच्या बाई म्हणाल्या, "मुलींनी गाणं बसवलंय, आता हिरमोड नका करू."

अशा रीतीने भल्या पहाटेची धार नऊवर गेली. हेडसाहेबांनी ताईला फोन करून सांगितलं, "तेवढा एक दिवस जरा थांबवा."

 "उशीर झाला की कास ठणकते हो काका तिची," ती म्हणाली. "पण असू दे. एकच दिवस ना?"

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. आदल्या सभेला टाळाटाळ करणारे झाडून सगळे आले. पडद्यावर तांबडी दिसली, आणि कधी नव्हे ती पूर्ण दिसली, कारण पाहुण्यांना नीट दिसावं म्हणून ताईने फोन पिशवीतून काढून खांबाला बांधला होता. नऊ वाजून गेले तरी अध्यक्षांचा पत्ता नव्हता. तांबडी पाय बदलत होती. मध्येच तिने मान वर करून लांबलचक हंबरडा फोडला.

"वा! स्वागत करते आहे!" मिशीवाला ओरडला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हेडसाहेब चटकन उठले. रोज सकाळी तिला बघत होते ते. हे काही स्वागत नव्हतं. ते फोनजवळ गेले, "ताई," म्हणाले, "तुम्ही काढायला घ्या, आम्ही नंतर..." एवढ्यात किल्ली फिरवत अध्यक्ष आले आणि मेव्हण्याने ध्वनिक्षेपक चालू केला. त्यातून जी शीळ निघाली ती तिकडे गोठ्यातसुद्धा पोचली. तांबडीने दाव्याला हिसका दिला.

मग गाणं झालं. गाण्यात पाऊस, पाखरं, निळं आभाळ, सगळं होतं, फक्त गाय नव्हती. मग पुष्पगुच्छ. मग अध्यक्षांनी शेतीचं महत्त्व सांगितलं. आपल्या वडलांना शेती किती आवडायची, आणि म्हणून त्यांनी ती विकून फरशांचं दुकान कसं काढलं, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. तिकडे ताई बादली मांडीशी धरून उकिडवी बसली होती. एका हाताने गायीचं पोट चोळत होती आणि अधूनमधून पडद्यातून हेडसाहेबांकडे बघत होती. 

शेवटी हेडसाहेबांच्या हातात माईक आला. आणि इथे त्यांनी काय करावं? एरवीसारखं लिफ्टबद्दल बोलायचं सोडून त्यांनी खिशातून भाषण काढलं. रात्री जागून लिहिलेलं, 'कृषिसंस्कृती' आणि 'ऋणानुबंध' असले शब्द घातलेलं. अध्यक्षांच्या तोडीचं बोलायचं होतं ना! माईकमधून त्यांचा आवाज असा घुमला, की तो त्यांना स्वतःलाच ओळखू येईना. तांबडीला तो कुठून येणार? ती कान ताठ करून उभी राहिली, आणि बादली कोरडीच.

"अहो, सोडत नाही!" कुणीतरी म्हणालं.

"हेडसाहेब, जरा लाडात बोला!"

"गाणं म्हणा! गायींना गाणं लागतं!"

"गप्प बसा!" हेडसाहेब ओरडले, तेही माईकवरच. मग त्यांनी माईक टाकला, भाषण टाकलं, फोनपाशी गुडघ्यावर बसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तांबडे, हे बघ, या लिफ्टचं असं आहे..." हा आवाज त्यांचाच होता. लिफ्टच्या दोरीचा मुख्य खर्च कुणी करायचा इथवर ते आले असतील नसतील, तोच बादलीत चुळूक झालं. एकच धार. हॉलमध्ये सगळ्यांनी ऐकली.

आणि सगळा हॉल उठून उभा राहिला. टाळ्या काय, शिट्ट्या काय, आणि 'मानलं हेडसाहेब!' म्हणून अध्यक्षांचा तो दणदणीत आवाज. पडद्यावर तांबडीने लाथ झाडलेली दिसली, बादली उडालेली दिसली, ताई बाजूला पडली, आणि पडदाभर गोठ्याचं छप्पर दिसायला लागलं. म्हातारीचा ओरडा ऐकू आला, "बंद कर! बंद कर ते आधी!"

पडदा काळा झाला. लोक हसत हसत चहाकडे वळले. फार दिवसांनी इतका चांगला कार्यक्रम झाला, असं सगळ्यांचं मत पडलं. अध्यक्षांनी स्वतः येऊन हेडसाहेबांची पाठ थोपटली. हीच पाठ थोपटून घ्यायला त्यांनी एवढा खटाटोप केला होता. आता ती थोपटली जात होती आणि त्यांना तिथून पळून जावंसं वाटत होतं.

पुढचे काही दिवस फोन कुणी उचलला नाही. मग एकदा शेतकऱ्याने उचलला. तो मुळातच कमी बोलायचा.

"तिचा हात मुरगळलाय," तो म्हणाला. "गायीची कास सुजली. डॉक्टर येऊन गेले. आता उतार आहे."

"माझं चुकलं हो," हेडसाहेब म्हणाले. नियम, पोटनियम, अपवाद, काही म्हणजे काही सुचलं नाही.

"ठीक आहे," शेतकरी म्हणाला आणि मोटार बघायला गेला.

ताईने मात्र मनात ठेवलं नाही, हेच हेडसाहेबांना जास्त लागलं. मनगटाला पट्टी बांधलेली, तरी हसत हसत तिने आपणहून फोन केला. "अहो काका, गुरांचं असं व्हायचंच. चला गोठ्यात." फोन पुन्हा जाळीच्या पिशवीत गेला. खांब, अर्धी गाय, खांदा. हेडसाहेबांच्या जिवात जीव आला. ते हळूच म्हणाले, "काय तांबडे, कशी आहेस?"

तांबडी थरारली. अंगावरून काटा सरसरत गेलेला दिसला. तिने पाय उचलला, आणि चालू असलेली धार बंद झाली.

त्यांनी नाना तऱ्हा करून पाहिल्या. कुजबुजून पाहिलं, तोंडावर रुमाल धरून पाहिलं. एकदा बायकोला बसवलं. तिच्या आवाजाला तांबडीने काही हरकत घेतली नाही. पण म्हातारी खाटेवरून म्हणाली, "बाई, तुम्ही फारच तुटक सांगता. ते कसे रंगवून सांगायचे." हे ऐकून हेडसाहेब उठून गॅलरीत गेले. बायको मागोमाग आली, आणि ज्या बाईने इतकी वर्षं मिक्सर लावला ती म्हणाली, "मला सांगा ना ते लिफ्टचं." त्यांनी सांगायला सुरुवात केली, पण अर्ध्यावरच थांबले.

शेवटी ताईनेच तोडगा काढला. फार जपून काढला. "काका, तुम्ही येत जा रोज. फक्त तुमच्याकडचा आवाज बंद ठेवा. बोलायचं काम माझं." तसं ठरलं. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून हेडसाहेब बसायचे आणि ऐकायचे. ताई सांगायची, ते मान हलवायचे. पार्किंगच्या भांडणातल्या गाडीवाल्याने गाडी काढली, तेही त्यांना सांगता आलं नाही. हातवारे करून पाहिलं, पण म्हातारीला वाटलं ते माशा हाकलतायत. इमारतीला दुसरा कार्यक्रम हवा होता. हेडसाहेबांनी साफ नाही म्हटलं, तर म्हातारपणी गर्व चढला असं बोलणं झालं.

पुढे तांबडी आटली, आणि काही महिन्यांनी व्याली. हेडसाहेबांनी मनाशी धरलं होतं की एवढ्या काळात ती विसरली असेल. जनावरच ते. कुणाला बोलून दाखवलं नाही, पण धरलं होतं. एका सकाळी ताई फोन घेऊन अंगणात आली. अंगणात उन्हात एक वासरू, अजून पायांवर डगमगणारं. मागे लांब गोठ्याच्या सावलीत तांबडी रवंथ करत बसलेली.

"काका, आवाज चालू करा," ताई म्हणाली. "ह्या वासराला काही ठाऊक नाही. ह्याच्याशी बोला. आई लांब आहे, तिला नाही जायचं ऐकू."

हेडसाहेबांनी बटण दाबलं. सांगायचं किती साठलं होतं! नवी लिफ्ट बसली होती.  पण ते अगदी हळू एवढंच म्हणाले, "बाळा..."

वासराने कान वळवले. दोन पावलं पुढे आलं आणि त्याने पडद्याला नाक लावलं. सगळा पडदा ओला झाला.

"बघा! बघा, कसं आलं!" ताई आनंदाने म्हणाली. "अजून बोला काका, बोला!"

वासराने नाक काढलं तेव्हा हेडसाहेबांना ताईच्या खांद्यावरून गोठा दिसला. ताईची पाठ होती तिकडे, तिला दिसलं नाही. तांबडीचं रवंथ थांबलं होतं. ती उठून उभी राहिली होती आणि दाव्याला ताण देऊन, त्या कार्यक्रमाच्या दिवसासारखे कान ताठ करून इकडे बघत होती.

हेडसाहेबांनी बटण दाबलं.

"काका? अहो काका, ऐकू येईना. काय झालं?"

त्यांनी आपल्या गळ्याकडे बोट दाखवलं, घसा बसलाय अशी खूण केली, आणि हसले.

"मग गरम पाणी प्या हो," ताई म्हणाली. "उद्या बोलू."

हेडसाहेबांनी मान हलवली.